बेटावरची हाजरी

१

आमच्या घरात सहलीचं सगळं मी ठरवते. बाकीच्यांनी वेळेवर उठायचं आणि गाडीत उलटी करायची नाही, एवढंच त्यांच्याकडं काम. मुरुमच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते, आणि भूगोलाच्या बाईला स्वतःच्या घरच्यांना धड कुठं नेता येत नसेल तर तिनं पगार घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा मला कलेक्टरीणबाई म्हणतो. म्हणू दे. राजपाल कृषी खात्यात आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात फिरतो आणि घरी आल्यावर त्याला रिमोटसुद्धा सापडत नाही.

दरवर्षी कुठल्यातरी थंड हवेच्या गावाला जायचं आणि तीच मक्याची कणसं खाऊन परत यायचं, याचा मला वीट आला होता. म्हणून या मेमध्ये मी बेट काढलं. समुद्रातून ज्वालामुखी वर आला, निवला आणि त्याच्यावर हिरवंगार रान माजलं, असं एक चिमुकलं बेट. नाव सांगत नाही. तिथल्या माणसांचा यात काही दोष नाही आणि उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

हैदराबादहून विमान, मग दुसरं विमान, मग बोट. राहायला हॉटेल नको, घर हवं, म्हणजे आईला भाकरी थापता येईल. शोधून शोधून एक घर मिळवलं. घरमालकीण एकटी बाई, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. माझंही इंग्रजी फार धड नाही, त्यामुळं आमचं छान जुळलं. मुलगी श्रावस्ती अकरावीत आहे. तिनं फोटो बघितले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या निवडीला नाव ठेवलं नाही.

अडचण होती ती आईची.

२

आई म्हणजे मथुराबाई. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून माझ्याकडंच असते. भूकंपानंतर ती मुरुमबाहेर एकदाही मुक्कामाला राहिलेली नाही. लग्नाला जायची ती जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत. माझ्या बाळंतपणातसुद्धा बाहेरगावच्या दवाखान्यात रात्री थांबली ती शेजारची लक्ष्मम्मा, आई नाही.

कारण हाजरी.

आमच्या भागात जमीन अधूनमधून आवाज काढते. ट्रकमधून फरशा टाकाव्यात तसा एकच दणका, कधी नुसती गुरगुर. पाहुणे दचकतात, आम्ही भाजी चिरत राहतो. वर्गात मी खालच्या खडकाची गोष्ट सांगते, पोरं माना डोलावतात. पण आमच्या घरात आवाजानंतर आई हाजरी घेते. जिथं असेल तिथून, खणखणीत.

“पौर्णिमा!”

“हाय.”

“राजपालराव!”

“हाय, मामी.”

“सरावस्ती!”

“हाय, आज्जी!”

मग आई थोडी थांबते, एका नावापुरती. त्यानंतर “बसा” म्हणते आणि पुन्हा धान्य निवडायला घेते. न्हाणीघरात असा, फोनवर असा, भांडण चालू असो, हाक आली की हाय म्हणायचंच. राजपालला लग्नानंतर सुरुवातीला हसू यायचं. आता तो झोपेतही हाय म्हणतो. लक्ष्मम्मा म्हणते, मथुराबाईची शाळा भरली.

हे कुठून आलं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भूकंप झाला त्या पहाटे आमचं माळवद बसलं. दगडाच्या भिंती, वर लाकडं, आणि लाकडांवर वर्षानुवर्षं थापलेली पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा देणारं छत ते, पण खाली आलं की माणसाला उठू देत नाही. आई आणि दादा अंगणात निजले होते म्हणून वाचले. आत मी होते, पाच वर्षांची, आणि माझी थोरली बहीण विशाखा. आईनं ढिगाऱ्यावर उभं राहून नावं घेतली. मी हाय म्हणाले, मला उकरून काढलं. विशाखाही हाय म्हणाली. दुपारपर्यंत म्हणत होती. जिथून आवाज यायचा तिथं दादा आणि आई उकरत राहिले, आणि तळ लागला तरी ती तिथं नव्हती. कुठंच मिळाली नाही.

तेव्हापासून आईनं विशाखाचं नाव घेतलेलं नाही. एकदा लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाली, “हाक मारली आन् आतनं ओ आली, तर उकराया जावं लागतं. आता कुठं जाऊ?”

म्हणून ती नाव घेत नाही. फक्त तेवढी जागा सोडते.

३

घरमालकिणीनं आतल्या खोलीचा फोटो पाठवला तो आम्ही जेवत असताना. काळ्या दगडाच्या भिंती, कोनाडा, वर लाकडांचं छत आणि लाकडांमधून डोकावणारी पांढरी माती. मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक.

मी कौतुकानं आईला दाखवला. आईनं हातातला घास ताटात ठेवला.

“हे माळवद हाय,” ती म्हणाली.

“तसंच दिसतंय खरं.”

“दिसतंय न्हाय. हाय. ह्यो कोनाडा बघ की. चिमणी ठिवायचा.”

मी तिला समजावून सांगितलं, कारण समजावणं हा माझा धंदाच आहे. म्हटलं, आपला काळा दगड तरी कुठून आला? तोही लाव्हाच, फक्त फार जुना. जिथं लाव्हा तिथं असाच दगड, आणि जिथं असा दगड तिथं अशीच घरं होणार. ऊन सगळीकडं सारखंच. माणसाला जे जवळ मिळतं त्याचंच तो घर बांधतो. हे सगळं अगदी खरं आहे, आजही मी वर्गात हेच सांगेन.

राजपालनं फोन हातात घेतला. “पण बाकीचं घर तर सिमेंटचं आहे. पत्रा टाकलेलं. हीच एक खोली अशी कशी?”

“जुनी असेल. पर्यटकांना जुनं आवडतं,” मी म्हणाले.

आईनं फोन परत मागून घेतला. फोटो मोठा कसा करायचा ते तिला श्रावस्तीनं दाखवलं. ती त्या खोलीच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवत राहिली, भाकरी गार झाली तरी.

“लई लांब हाय का गं?” तिनं विचारलं.

एवढ्या वर्षांत आईनं कुठल्याही गावाचं अंतर विचारलं नव्हतं. मी खूश झाले. भूगोल जिंकला असंच मला वाटलं.

४

पुढच्या रविवारी सकाळी मी ओट्याशी होते. राजपाल अंघोळीला गेला होता, श्रावस्ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, आई दारात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. घरमालकिणीनं त्या खोलीचा छोटा व्हिडिओ पाठवला होता. फोन मी डब्याला टेकवून ठेवला आणि बघता बघता कणीक मळायला लागले. बाई काही बोलत नव्हती, नुसती खोली फिरवून दाखवत होती. खिडकीबाहेर केळीची पानं हलत होती. एवढा हिरवा रंग आमच्याकडं मेमध्ये फक्त लग्नातल्या चुड्यात दिसतो.

तेवढ्यात खालून दणका आला. झाकण्या वाजल्या.

“पौर्णिमा!”

“हाय.”

“राजपालराव!”

“हाय!” न्हाणीघरातून.

“सरावस्ती!”

“हाय, आज्जी!” गच्चीवरून.

आई थांबली. आणि त्या थांबण्यात, डब्याला टेकवलेल्या फोनमधून कुणीतरी म्हणालं, “हाय.”

बारीक आवाज होता. तोंडात घास असावा तसा.

माझे हात कणकेत तसेच राहिले. आईनं “बसा” म्हटलं नाही. दारातून तिचा आवाज आला, अगदी हळू. “पौर्णिमे, त्यो फोन कुठं हाय?”

मी हात धुतले आणि व्हिडिओ पुन्हा लावला. पानांची सळसळ, बाईच्या चपला. बाकी काही नाही. पुन्हा लावला. नाही. राजपालला काही ऐकू आलं नव्हतं, डोक्यावर पाणी चालू होतं. श्रावस्ती गच्चीवर. मग मी नीट विचार केला. रविवार, गल्लीत पोरं खेळत असतात. हाजरीची नक्कल करायची पोरांना सवयच आहे, लक्ष्मम्माचा नातू तर हमखास करतो. भिंतीवर आवाज आपटून भलतीकडून आल्यासारखा वाटतो. माझं समाधान झालं. लक्ष्मम्माचा नातू आजोळी गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं, पण गल्लीत इतर पोरं काय कमी आहेत?

संध्याकाळी आई म्हणाली, “म्या यिते तुमच्यासंगं.”

“बेटावर?”

“व्हय. त्या घरात.”

सोलापूरला पासपोर्टसाठी गेलो तेव्हा तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर खुरपं धरून रेघा झिजलेल्या. तिथली मुलगी पुन्हा पुन्हा बोटं पुसून दाबायला लावत होती, आणि आई तिला धीर देत होती, “दाब गं बाई, उमटतंय. मला जायाचंय.”

५

मी घाबरट नाही. एखादी गोष्ट खरी की खोटी हे करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा दोष म्हणा हवं तर. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आई बुद्धविहारात गेली. राजपाल आणि श्रावस्ती बाजारात. घरात मी एकटी, बाहेर लख्ख ऊन.

फोन टेबलावर ठेवला. खोलीचा व्हिडिओ लावला. दार लावून घेतलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. गल्लीतल्या पोरांना मला या वेळी मध्ये येऊ द्यायचं नव्हतं.

आणि आईच्या सुरात मी हाक मारली.

“विशाखा!”

ते नाव तोंडातून काढताना मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. ती मला आठवतसुद्धा नाही नीट. तिच्या पाठीवर बसून ओढ्यापर्यंत गेल्याचं आठवतं, आणि तिच्या केसांचा तेलकट वास.

फोनमध्ये केळीची पानं हलली. बाईच्या चपला वाजल्या. व्हिडिओ संपला, पडदा काळा झाला.

मी सुस्कारा सोडला. झालं, म्हटलं, प्रश्न मिटला.

“हाय,” काळ्या पडद्यातून आलं.

मी खुर्चीवरून उठलेच नाही. पंखा बंद असल्यानं घामाच्या धारा लागल्या होत्या, पण बटण दाबायला हात पुढं होईना. मला लाज वाटत होती ती भिण्याची नव्हे. आईनं जे नाव एवढी वर्षं जपून गिळलं होतं, ते मी गंमत म्हणून, खात्री करायची म्हणून उच्चारलं होतं. आणि आतून ओ आली होती.

राजपालला सांगितलं. तो हसला नाही. भूकंपात त्याची आत्या गेली होती.

“रद्द कर,” तो म्हणाला. “कुठं दुसरीकडं जाऊ. कणसं खाऊ.”

“आईला काय सांगू?”

“सांग, विमान न्हाय म्हणून.”

“अरे, एका आवाजासाठी? कसला तरी बिघाड असेल फोनचा. तिथं त्या बाईला विचारते. कॉल लावून समोरासमोर खोली दाखव म्हणते. आपल्या डोळ्यांनी बघू सगळे, आणि मग ठरवू.”

मला तेव्हा खरंच वाटत होतं की बघितल्यावर सगळं सुटेल.

६

घरमालकिणीनं दुपारी व्हिडिओ कॉल लावला. मी मुद्दाम सगळ्यांना बैठकीत बसवलं होतं. राजपाल माझ्या शेजारी, आई समोर खाली सुपात शेंगा घेऊन. श्रावस्ती आत तिच्या खोलीत कपडे घालून बघत होती. तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

बाई हसरी होती. तिनं आधी अंगण दाखवलं, मग मागचा डोंगर. टोकापासून पायथ्यापर्यंत हिरवा, आणि टोकावर धुराची बारीक रेघ. मग स्वयंपाकघर, गॅस, चांगला मोठा तवा. माझा जीव भांड्यात पडत चालला. शेवटी ती आतल्या खोलीत गेली. उघडी, उजेडाची, रिकामी खोली. एक पलंग, कोनाड्यात फुलं.

मी राजपालकडं बघितलं. बघ, म्हटलं डोळ्यांनीच.

तेव्हा तिकडं जमीन गुरगुरली. फोन तिच्या हातात हलला. ती हसली, घाबरू नका, डोंगराचं पोट आहे, रोजचंच आहे, असं काहीतरी म्हणाली. मीही हसले. आमच्याकडंही असंच, असं मी सांगणार होते.

“पौर्णिमा!”

आईचीच हाक. तोच सूर, तसाच शेवट उचललेला. माझ्या तोंडून “हाय” निघून गेलं. सवय ती सवय, विचार करायला वेळच मिळत नाही.

निघून गेल्यावर मी आईकडं बघितलं. आईचं तोंड मिटलेलं होतं. हातात अर्धी सोललेली शेंग होती.

फोनमधली बाई हसायची थांबली होती. ती वळली, तिच्याबरोबर फोनही वळला. तिलाही ऐकू आलं होतं.

“राजपालराव!”

राजपालनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तरी बोटांच्या फटीतून आलंच. “हाय.”

मी उठले. फोन उचलून बंद करावा की आत पळावं, हे माझं ठरेना. जी बाई बोटीच्या वेळा पाठ सांगते तिचं एवढं साधं ठरेना. मी आत धावले.

“सरावस्ती!”

“बोलू नको!” मी ओरडले.

“हाय, आज्जी!” श्रावस्ती नव्या फ्रॉकमध्ये आरशासमोर उभी राहून म्हणाली. मग माझा चेहरा बघून, “काय झालं?”

मी तिला कवटाळूनच बाहेर आले. पडद्यावर अजून ती खोली होती. भिंतीला टेकलेल्या बाईचा श्वास ऐकू येत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण हाक मारणारं थांबलं होतं, एका नावापुरतं. छताच्या लाकडांमधून पांढरी माती गळायला लागली, आधी पीठ चाळावं तशी, मग ओंजळभर. मातीच्या त्या धारेत, पलंगाच्या उंचीवर, काहीतरी अडलं. माती जिथं टेकायला काहीच नव्हतं तिथं टेकली आणि दोन्ही बाजूंनी ओघळली. लहान मुलाचा खांदा असावा एवढंच ते.

मला तेव्हा कळलं. आम्ही विशाखाला शोधलं तसं तिनंही आम्हाला शोधलं होतं. दणका बसला की तीही नावं घेत असणार, तिकडून, आईच्या आवाजात, कारण हाक कशी मारतात हे तिनं आईकडूनच ऐकलं होतं. राजपालचं आणि श्रावस्तीचं नाव तिला आमच्याच घरातून ऐकू गेलेलं. आणि शेवटी ती एका नावाची जागा सोडत होती. आईला आई म्हणून हाक मारायची तिची हिंमत झाली नसावी, ओ आली नाही तर काय, म्हणून.

माझ्या आईला हाजरीत आजवर कुणी कधी पुकारलं नव्हतं.

“हाय,” आई म्हणाली.

तिनं शेंग सुपात ठेवली. “हाय गं बाय. हितं हाय म्या.”

कॉल तुटला. “बसा” मात्र कुणीच म्हणालं नाही.

७

बाईचा दुसऱ्या दिवशी निरोप आला. खोली ठीक आहे, छतातून थोडी माती पडली होती, झाडून काढली, माफ करा. तुमचं बुकिंग ठेवायचं का?

राजपालनं दोन दिवस विचार केला. मग म्हणाला, श्रावस्तीला घेऊन तो ईट या गावी त्याच्या भावाकडं राहील, ती दोघं येणार नाहीत. मी हो म्हणाले. तो म्हणाला नसता तर मीच म्हणाले असते. श्रावस्तीनं आदळआपट केली, पण तिला कळलं असावं काहीतरी, फार ताणलं नाही. तरी ती दोघं हाय म्हणून बसली आहेत, हे माझ्या मनातून जात नाही. इथली जमीन वाजली की आता मी सगळ्यात आधी श्रावस्तीकडं बघते.

आईला मी एकदाच विचारलं. “तिथं काही नसलं तर?”

“न्हाय तर न्हाय. बघून यिऊ.”

“आणि असलं तर?”

आई माझ्याकडं बघत राहिली, वर्गातल्या ढ पोराकडं मी बघते तशी. “आगं, ओ दिलीया न्हवं का? मग बसून ऱ्हायाचं व्हय?”

काल बॅगा भरल्या. भरणं माझ्याकडंच. आईची दोन लुगडी, औषधं, शेंगदाण्याची चटणी, बोटीत मळमळू नये म्हणून आवळा सुपारी. सगळं मावलं. मग आई मागच्या दारातून तिचं खुरपं घेऊन आली, धुऊन, पुसून, आणि हातातल्या पिशवीत ठेवायला लागली.

मी तिला सांगितलं की लोखंड विमानात जवळ ठेवू देत नाहीत. तिचा चेहरा पडला. म्हटलं, तसं नाही, मोठ्या बॅगेत चालतं, ती पोटात टाकतात विमानाच्या, तिकडं गेल्यावर मिळते. मी ते खुरपं तिच्या लुगड्यात गुंडाळलं आणि बॅगेच्या मधोमध ठेवलं.

चेन लावली. वजन केलं. अजून बरीच सूट होती.

मग मी बाजारात गेले आणि माझ्या हाताला बसेल असं दुसरं घेऊन आले. आई एकटी किती उकरणार?